अनुभव धागा : देवावर विश्वास आहे, पण त्याच्यावर सोडून देता येतं का?

कडबी चौक

सर्वांना सलाम.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या, दिवसांत आमच्याकडे बुधवारी घरोघरी प्रार्थना असते. यंदा एका घरी शास्त्रपाठ संपून चहा येईपर्यंतच्या वेळात बी.कॉम. करणारा एक पोरगा म्हणाला, "मतांगीकार (उपासनेत सगळे मिळून म्हणतात ते विश्वासाचं निवेदन) मला तोंडपाठ आहे. त्यातलं एकही वाक्य मला खोटं वाटत नाही. पण बाबांची नोकरी गेली तेव्हा मी देवावर काहीच सोडलं नाही. मुंबईच्या काकांवर सोडलं. मग माझा विश्वास आहे की नाही?" पाळकसाहेबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेमका चहा आला. मग पाणीटंचाई, मग कोणाच्या तरी लग्नाची तारीख, आणि सगळे घरी.

मला मात्र तो प्रश्न सोडेना. याकोबाच्या पत्रात एक झोंबणारं वाक्य आहे: देव एकच आहे हे भुतंही मानतात, आणि थरथर कापतात. म्हणजे नुसतं मानण्यात आपण भुतांच्या पुढे गेलेलो नाही. पुढे जायचं म्हणजे काय करायचं? पगार, ऑपरेशन, पोरीचं लग्न, कोर्टाची तारीख अशा वेळी 'प्रभूवर सोडलं' असं आपण सहज म्हणतो. तेव्हा माणूस प्रत्यक्षात करतो काय?

तुमच्यावर गुदरलेलं लिहा. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), कॅथलिक, मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, कुठल्याच मंडळीत न जाणारे, ख्रिस्ती नसलेले, सगळे या. विनंती एवढीच की साक्षीच्या, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते मंडळीत सांगतात त्या, ठरलेल्या सुरात लिहू नका. ज्याचा शेवट गोड झाला नाही तेही चालेल, किंबहुना तेच आधी लिहा. दवाखाने, पाळक, संस्था यांची नावं नकोत. आणि गुलाबाच्या फुलावर छापलेली वचनं टाकू नका, ती सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतातच.

रातपाळी

सुरुवात मीच करते, नाहीतर सगळे एकमेकांकडे बघत बसतील.

मी निवृत्त स्टाफ नर्स. अर्धी नोकरी मिशनच्या दवाखान्यात, अर्धी सरकारी. एप्रिल २०२१ मध्ये धाकट्या भावाला ताप आला. तेव्हा नागपुरात काय चाललं होतं ते इथल्यांना सांगायला नको. माझ्या हाताखाली शिकलेल्या एकेका मुलीला फोन लावला तेव्हा कुठे बेड मिळाला. त्या रात्री मी गुडघ्यावर होते, पण प्रार्थना कमी आणि हुज्जत जास्त चालली होती. एवढी वर्षं तुझ्या लेकरांचं हगणं-मुतणं काढलं, एवढं एक माझं कर. सीटी स्कॅनचा स्कोअर वाचला तेव्हाच मला काय ते कळलं होतं. नर्सला कळतं.

तो गेला. काही महिन्यांनी मंडळीतली एक बाई म्हणाली, "अजून विश्वासाने मागायला हवं होतं." त्या बाईशी मी आजही बोलते, पण बेताने.

वॉर्डात पाळी बदलताना आम्ही 'ओव्हर' देतो. एकेका खाटेपाशी उभं राहून पुढच्या सिस्टरला सांगायचं: सलाईन किती गेलं, लघवी किती झाली, बीपी किती, कुठलं इंजेक्शन द्यायचं राहिलं. ओव्हर दिला की तुम्ही घरी जाता. पेशंट बरा झालेला नसतो. कधी कधी दुसऱ्या दिवशी खाट रिकामी असते. पण तेवढ्या रात्रीपुरता तो तुमच्या हातात नसतो, आणि ज्या सिस्टरच्या हातात आहे ती डुलकी काढणारी नाही हे तुम्हाला ठाऊक असतं. नव्या मुली ओव्हर देऊनही घुटमळतात. पर्स खांद्याला लावून परत येतात आणि सलाईनचे थेंब मोजत उभ्या राहतात.

भाऊ गेल्यापासून मी प्रार्थना तशी करते. नाव घेते, काय झालंय ते सांगते, काय राहिलंय ते सांगते, आणि उठते. माणूस बरा होईलच असं धरून चालत नाही. दानीएलाच्या पुस्तकात शद्रख, मेशख आणि अबेद्नगो भट्टीसमोर उभे राहून राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे आम्ही वाकणार नाही. संडे स्कूलमध्ये आम्ही त्या भट्टीचं चित्र रंगवायचो, लाल-पिवळे खडू संपवायचो. 'नाही सोडवलं तरी' याच्याकडे तेव्हा कोणी बोट दाखवलं नव्हतं.

स्लॅब सेंट्रिंग

(पोरगी टाइप करून देऊन रायली.)

सिस्टरबाई, तुमचं वाचून मायी बायको रडली.

मी सेंट्रिंगचा ठेकेदार. मूळ चंद्रपूरकडचा, आता मोहननगरात भाड्यानं. मायं रविवारचं आहे. मी रविवारी काम नाही करत, लेबरलेही नाही बोलावत. बापाचा नेम होता, तोच मी धरला. वर्धा रोडकडं एका बिल्डरचं मोठं काम भेटलं होतं. त्यायले स्लॅब रविवारीच टाकाचा राहे, काऊन का रविवारी रस्ते मोकळे, रेडीमिक्सच्या गाड्या टायमावर येते. अन् स्लॅब टाकताना सेंट्रिंगवाला खाली उभा पायजेच. टेकू सरकला तं कोन पाहीन? मी म्हनलं शनिवारी टाका, नाहीतं सोमवारी टाका. एकदोनदा ऐकलं त्यायनं. मंग दुसरा ठेकेदार आनला. मायं काम गेलं. प्लेटा-बल्ल्या पडून रायल्या, किस्ती थकल्या.

आता साक्षीत लोकं काय सांगते? एक दरवाजा बंद झाला, प्रभूनं दुसरा त्याच्याहून मोठा उघडला. माया नाही उघडला बावा. ते सालच उधारीत गेलं. बायकोनं कानातलं मोडलं. कोनी म्हने तू विश्वासात कच्चा आहे, कोनी म्हने देव परीक्षा पाहून रायला. मले दोन्ही नाही पटलं. देव आहे, त्यानं पाह्यलं, अन् त्यानं दुसरं काम नाही देल्लं. बस.

रविवार मी अजूनही धरतो. आता तुम्ही शिकलेले लोकं सांगा, हा भरवसा आहे का नुसता हट्ट?

कडबी चौक

भाऊ, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, हीच तर पंचाईत. दुसरा दरवाजा न उघडल्याची साक्ष मी आजवर कुठल्या उपासनेत ऐकली नाही. इथे आली, बरं झालं.

जुना हिस्लॉपियन

दुसऱ्या दरवाजावरून आठवलं. ज्याच्या नावाचं कॉलेज आपण सगळे ओळखतो तो स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला, फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिशनरी म्हणून. शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गाणी टिपून ठेवली, दगड आणि जीवाश्म गोळा केले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटकडची जुनी शिळावर्तुळं पाहून परत येताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात तो बुडाला. वयाची शेहेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

लहानपणी आम्हाला सांगत की विश्वासूंच्या केसालाही धक्का लागत नाही. कॉलेजला गेल्यावर ज्याचं नाव गेटवर आहे तो कसा गेला ते कळलं, आणि हे 'केसालाही धक्का'वालं गणित माझ्यापुरतं तिथेच मिटलं. कॉलेज निघालं १८८३ मध्ये, त्याच्यामागे वीस वर्षांनी. त्याला दुसरा दरवाजा म्हणायचंच असेल तर म्हणा, पण त्यातून तो स्वतः काही आत गेला नाही.

मागचा बाक

मी मिहानमध्ये नोकरी करते. वय सांगत नाही.

आईने एका प्रचारकाला पैसे दिले. नाव-गाव लिहीत नाही. बी पेरा, शंभरपट पीक घ्या, असा मामला. बाबांच्या ग्रॅच्युइटीतले पैसे होते. पीक काही आलं नाही. मग सांगण्यात आलं की घरात कोणाच्या तरी मनात संशय आहे, त्याने आशीर्वाद अडलाय. घरातली संशयी म्हणजे अर्थात मी. आई अनेक दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती.

देवाबद्दल माझं काही बिघडलं नाही. मतांगीकार म्हणते आणि मनापासून म्हणते. पण कोणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायला पुढे आलं की अंग आक्रसतं. प्रार्थनेत डोळे मिटत नाहीत, पर्स कुठे आहे तिकडे लक्ष असतं. हसू नका.

घराजवळच्या मंडळीत मी पुन्हा जायला लागले, टिकले, ते प्रवचनामुळे नाही. मागच्या बाकावर बसलं की वेस्ट्रीचं (चर्चच्या आतल्या खोलीचं) दार समोर येतं. उपासना संपली की तिथल्या टेबलावर दानाच्या थैल्या उलट्या करतात. मोजायला दोन माणसं, आणि ती एकाच घरातली चालत नाहीत. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, दशांशाची पाकिटं वेगळी. एक काका दहाच्या नाण्यांच्या चळती लावतात आणि प्रत्येक चळतीवर बोट टेकवून पुटपुटत मोजतात. मग वहीत आकडा, अक्षरात आणि अंकात, खाली दोघांच्या सह्या. एका रविवारी वीस रुपयांचा फरक पडला तर त्यांनी सगळं पुन्हा मोजायला घेतलं. वीस रुपयांसाठी! काकू बाहेर उन्हात स्कूटरपाशी, हॉर्न वाजवून वाजवून थकल्या. शेवटी ती नोट थैलीच्या शिवणीत सापडली.

त्या वीस रुपयांवर मी त्या मंडळीत आहे.

खजिनदार

ते काका मी नव्हे, पण मीही त्याच कुळातला. ताई, तुमचा मागचा बाक शास्त्राला धरून आहे. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय काढा. यरुशलेमच्या गरिबांसाठी प्रेषित पौल वर्गणी गोळा करतोय. ती एकट्याने नेत नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी एक भाऊ देतो, आणि तो भाऊ पौलाने निवडलेला नाही, मंडळ्यांनी नेमलेला आहे. कारणही सांगून टाकतो: एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी आमच्यावर बोट ठेवू नये, प्रभूच्या दृष्टीने योग्य तेच करायचं, आणि माणसांच्याही दृष्टीने.

पौलावर लोकांचा भरवसा नव्हता का? होताच. हिशेब मागितला की "तुमचा विश्वास नाही का आमच्यावर?" असं डोळ्यांत पाणी आणून विचारणारे प्रत्येक मंडळीत असतात. त्यांना मी हा अध्याय वाचायला देतो. वाचून झाल्यावर पावती पुस्तक देतो.

इंदोरा

मी ख्रिस्ती नाही. घर बौद्ध. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामगार होते, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवरच्या गर्दीत होते. देव मानत नसत, तुमचाही नाही. पण बाबांनी मला सिस्टरांच्या शाळेत घातलं तेव्हा घरात एकट्या आजोबांनी हूं की चूं केलं नाही. एकदा पावसात शाळा सुटल्यावर मला न्यायला कोणी येऊ शकलं नाही, आई रडकुंडीला आली, तर म्हणाले, "सिस्टरांजवळ आहे ना पोरगी, मंग काई काळजी नाही."

त्यांनी सिस्टरांचा धर्म तपासला नव्हता, सिस्टरांना तपासलं होतं. सुरुवातीला रोज शाळा सुटायच्या आधी गेटसमोर चहाच्या टपरीवर बसून बघत, गरिबाच्या पोरीशी कोण कसं बोलतं, डबा नसलेल्या मुलीला कुठे बसवतात. मग टपरीवर बसणं बंद केलं.

तुमच्या बोलण्यात आधी श्रद्धा आणि मग भरवसा असा क्रम दिसतो. आमच्या घरात भरवसा बसला आणि श्रद्धा आलीच नाही. कोणाचं काही अडलं नाही. राग मानू नका.

निवृत्त पाळक

राग कशाचा, तुमच्या आजोबांसारखी माणसं गेटसमोर बसलेली बरी. आत बसणारे सावध राहतात.

धागाकर्त्याने प्रवचन नको म्हटलंय म्हणून शास्त्राचा भाग उरकतो. धर्मसुधारणेच्या परंपरेतल्या शिक्षकांनी विश्वासाची तीन अंगं सांगितली: माहीत असणं, ते खरं आहे असं मान्य करणं, आणि त्यावर आपला भार टाकणं. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतला एकविसावा प्रश्न आहे, खरा विश्वास म्हणजे काय? उत्तरात ज्ञान आहे आणि त्याच्या जोडीला मनापासूनचा भरवसा आहे. कॅथलिक बंधूंची मांडणी वेगळी पडते, ती त्यांचे फादर सांगतील. बी.कॉम.च्या मुलाला माझा निरोप द्या. अब्राहामाने उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याचं नीतिमत्त्व गणलं गेलं. सोळाव्या अध्यायात लगेच मूल होईना म्हणून दासी हागारेपासून मूल करून घेण्याचं प्रकरण आहे, म्हणजे आपली सोय आपण बघितली. मुलाने मुंबईचे काका बघितले. पंधरावा अध्याय त्यामुळे खोडला गेला नाही.

आता अनुभव. हा माझ्या एकट्याचा नाही, आपल्या गावाचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. मी शाळेत होतो. वडील मिशन शाळेत मास्तर, स्कॉटिश परंपरेत वाढलेले, 'बिशप' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. सहा चर्चेस एक होत होती: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतले मेथडिस्ट आणि डिसायपल्स. अमेरिकन परंपरेचं मेथडिस्ट चर्च ऐनवेळी बाहेर राहिलं.

बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली होती. चाळीस वर्षं! ख्रिस्त प्रभू आहे यावर पहिल्या दिवशीही भांडण नव्हतं. अडलं ते डोक्यावर कोणाचा हात यावर. ज्या पाळकाच्या डोक्यावर बिशपचा हात कधी पडला नाही त्याची दीक्षा पुरी की अपुरी? पुरी म्हणायची तर आता पुन्हा हात कशाला, आणि अपुरी म्हणायची तर त्याने इतकी वर्षं दिलेल्या प्रभुभोजनाचं (पाव-द्राक्षारसाच्या विधीचं) काय? बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला की कळत्या वयात? अखेर बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती ठेवल्या. आणि एकीकरणाच्या विधीत वेगवेगळ्या परंपरांतल्या सेवकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे, त्यातून कोणाला काय कमी-जास्त मिळायचं ते देवाने बघावं, असं ठरलं. अशी मोकळी जागा सोडलेला कागद वकील कधी करणार नाहीत. मला मात्र चाळीस वर्षांतली ती सगळ्यात शहाणी ओळ वाटते.

वडील संध्याकाळी घरी आले, कोट खुंटीला लावला आणि आईला म्हणाले, "झालं एकदाचं. आता भिंतीचं बघू." ज्या मंडळीबरोबर त्या दिवशी ते एक झाले होते तिच्याशीच एका कंपाउंडच्या भिंतीवरून जुना तंटा होता. तो पुढे बरीच वर्षं चालला. एका पावाचे वाटेकरी, पण मालमत्तेचे कागद दुसऱ्याच्या कपाटात ठेवायचे म्हटलं की झोप उडायची. अजूनही उडते, हे मी पदावर असताना पाहिलंय. त्याबद्दल इथे नको.

सेंट्रिंगवाले भाऊ, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, माणसासाठी झाला, माणूस शब्बाथासाठी नव्हे, असं प्रभू मार्काच्या शुभवर्तमानात म्हणतो. रविवारी स्लॅब टाकलात तर पाप लागलं असं मी म्हणणार नाही. पण घरातलं कानातलं जाऊनही तुम्ही धरून बसला आहात त्याला हट्ट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

एक आई, सदर

आम्ही कॅथलिक, नवरा हिंदू. मुलासाठी दर बुधवारची नोव्हेना (ठरावीक प्रार्थना) झाली, दवाखाने झाले. मग दत्तक घ्यायचं ठरवलं. काराच्या (केंद्राच्या दत्तक प्राधिकरणाच्या) पोर्टलवर नाव नोंदवलं, घर बघायला सोशल वर्कर येऊन गेल्या, आणि मग वाट बघणं. त्या वाट बघण्याबद्दल लिहीत नाही, ज्यांनी बघितली त्यांना माहीत आहे.

मुलगा आला तेव्हा तीन वर्षांचा होता. आल्यावर काही दिवसांतच त्याच्या उशीला मुंग्या लागल्या. अभ्रा उलटा केला तर आत पोळीचा तुकडा, वाळून पापड झालेला. मग कपाटातल्या बुटात अर्धं बिस्किट. पोळ्यांचा डबा कुठे असतो ते त्याला माहीत होतं. रोज पोळ्या होतात हे तो ओट्याला नाक लावून बघायचा. रात्री विचारायचा, "उद्या पन पोली?" मी म्हणायची, हो राजा. माझं बोलणं त्याला खोटं वाटत नव्हतं, हे मला त्याच्या तोंडावर दिसायचं. आणि तरी सकाळी अभ्र्यात तुकडा असायचाच.

रागवायचं नाही एवढं आमचं ठरलं होतं. नवऱ्याने एक छोटा स्टीलचा डबा आणला आणि त्याच्या उशाशी ठेवला. रोज झोपताना त्यात एक पोळी, साखर लावून गुंडाळलेली. ही तुझी, वाटेल तेव्हा खा. आधी तो रात्रीतून उठून झाकण उघडून बघायचा. खायचा नाही, बघायचा. पुढे पुढे नुसता डबा हलवून आवाज ऐकायचा. मग कधीतरी डबा स्वयंपाकघरातच राहायला लागला. नेमका कधी, ते आमच्या दोघांच्याही लक्षात नाही.

फादरांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगदी रानातल्या मान्न्यासारखं! देवाने रोज पाठवलेलं ते अन्न इस्राएल लोकांनी उद्यासाठी ठेवलं आणि त्याला किडे पडले." मी म्हटलं, फादर, किडे नाही, मुंग्या. आणि त्यांचा पुढारी मोशे त्या लोकांवर रागावला होता, आम्ही रागावलो नाही. पुढच्या रविवारी त्यांनी ती गोष्ट मिस्सामध्ये सांगितली, नाव न घेता. मला आवडलं नाही. मुलाची गोष्ट आहे ती, दाखला नव्हे. इथे लिहितेय कारण इथे मला कोणी ओळखत नाही.

माझं म्हणाल तर माहेरच्या बँकेत माझ्या नावावर एक एफडी आहे, नवऱ्याला माहीत नसलेली. तो हे वाचत नाही.

बेसवाला

माझं सगळ्यांच्या उलट. विश्वास गेला, बाकी सगळं जागेवर आहे. भौतिकशास्त्र शिकवतो, त्यामुळे लोकांना वाटतं विज्ञानाने गेला. तसं नाही. ओसरत गेला, कोणाशी भांडण न होता. तरी क्वायरमध्ये गातो, कारण बेसला (पुरुषांच्या सगळ्यात खालच्या आवाजाला) माणूस मिळत नाही. मतांगीकाराच्या वेळी ओठ मिटून उभा राहतो. शेजारच्या टेनरला माहीत आहे, तो काही बोलत नाही.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा तरुण संघाच्या पोरांनी रात्रीच्या पाळ्या लावल्या. यादी आमच्या फ्रिजवर चिकटवली, नाव आणि वार. पोरं म्हणजे अशी, की क्वायरच्या सरावाला कधी वेळेवर आली नाहीत. पण पाळी कोणी चुकवली नाही. देव आहे का, ते मला सांगता येणार नाही. मंगळवारी रात्री दहाला दारावर कोण असेल, ते सांगता यायचं. पाळकसाहेब, तुमच्या तीन अंगांत मी कुठे बसतो?

रातपाळी

त्या पोरांना पेशंटला कुशीवर वळवायला कोणी शिकवलं? दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात.

बेसवाला

युट्यूबने. पहिल्या रात्री बाबांनी दोघांना शिव्या घातल्या, तेव्हा कळलं वाचा शाबूत आहे.

निवृत्त पाळक

मार्काच्या नवव्या अध्यायातला आजारी मुलाचा बाप आठवा. विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात माझा अविश्वास घालवा म्हणतो. प्रभूने त्याला बाजूला घेऊन दोन्हींचं प्रमाण किती ते विचारलं नाही. मुलाला उठवलं. तुम्ही कुठे बसता ते मला ठाऊक नाही, तुम्ही क्वायरमध्ये उभे आहात. गात राहा. बेसला माणूस खरंच मिळत नाही.

मागचा बाक

@बेसवाला, फ्रिजवरच्या यादीचा फोटो असेल तर टाका ना, नावं झाकून. आमच्याकडे एका आजींसाठी अशी यादी करायची आहे आणि मी पहिल्यांदाच कोणाच्या घरी जाणार आहे.

स्लॅब सेंट्रिंग

पाळकसाहेब, सलाम. शब्बाथाचं तुम्ही म्हनता ते मले माहीत आहे. एक गोष्ट पयले लिहाची रायली. मायं लेबर बालाघाट अन् गोंदियाकडचं आहे, ख्रिस्ती त्याच्यात एकही नाही. दुसऱ्या साइटवर ठेकेदार रविवारी कवा बोलावीन याचा काई नेम नसते. मंग लोकं पगार झाला का गावाकडं पळते, अन् मंगळवारी उगवते, नाहीतं उगवतच नाही. मायाकडं रविवार पक्का, म्हनून सोमवारी सकाळी सगळे हजर रायते. याच्यानं माया धंदा वाढला असं काई नाही, किस्ती अजून चालूच आहे. लेबर टिकून आहे, एवढंच.

येत्या सोमवारी मानकापूरले स्लॅब आहे. मालक रविवार मागून रायला होता. मायावाल्या मिस्त्रीनं परस्परच त्याले सांगून टाकलं, "हमारे सेठ का संडे मतलब संडे." मी तं तवा तिथं नव्हतोच, पाना आनाले गेलतो.